दमयंतीची पापणी आणि सालवडचं तीर्थ

सालवडच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये शुक्रवारी सकाळी मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. पुढे रात्रपाळी करून आलेले बोईसरचे कामगार पेंगत बसले होते, मागे मुरब्याहून टेम्पो भरून आलेल्या बायका होत्या, आणि सगळ्यांचं लक्ष लागलं होतं एका पापणीकडे. पापणी मुरब्याच्याच दमयंती तांडेलची, डाव्या डोळ्याची. दुकानदाराने अर्धं शटर ओढून जेवायला जावं, तशी ती तीन दिवस डोळ्यावर उतरून बसली होती.

"आँख मत झपकाना, बेटी!" नेत्रप्रकाश महाराज गरजले. "हे साधं पाणी नाही. सूर्यनारायणाच्या सात घोड्यांचा घाम आहे हा! हिमालयात बारा वर्षं बसून थेंब थेंब गोळा केलाय!"

आकाशातल्या घोड्यांचा घाम नेमका महाराजांच्याच भांड्यात कसा पडला, हे कोणी विचारलं नाही. महाराजांनी शंखातून दोन थेंब डोळ्यात सोडले आणि भजन सुरू झालं. ते चांगलं पंधरा मिनिटं चाललं. टाळ थांबले तेव्हा पापणी खरंच वर आली होती. पूर्ण नाही, पण बुबुळ दिसण्याइतकी. चुलीच्या धुराने कायम लाल असणारा डोळा पांढराधोप दिसत होता.

"उघडला! दमूचा डोळा उघडला!" शेजारीण साखरबाई ओरडली. तिच्या भुवया पार कपाळावर चढल्या होत्या. तशा त्या महिनाभर तिथेच होत्या. हल्ली साखरबाईला नुसतं 'जेवलीस का?' विचारलं तरी ती थक्क झालेली दिसे.

दमयंती रडली. आनंदाने रडली आणि थोडी भीतीनेही, कारण तिच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती तिने देवालाही सांगितली नव्हती.

दमयंती तीस वर्षं बोईसरच्या बाजारात मासे विकत होती आणि तिचा निम्मा धंदा कपाळावर चाले. गिऱ्हाइकाने पापलेट पाडून मागितलं की ती तोंडातून शब्द काढत नसे. भुवया जवळ आणून अशी काही आठी घाली की गिऱ्हाईक आपणहून भाव वाढवी. पण तिच्या मुलाचं, प्रणवचं, केळव्याच्या मेघालीशी जमलं आणि बोलणीच्या दिवशी फोटो काढताना फोटोवाला नवशा म्हणाला, "काकी, ती आठी जरा काढा ना. रागावल्यासारख्या दिसता." आठी काही निघाली नाही. फोटोत शेजारी मेघालीची आई उभी होती. वयाने दमयंतीहून एका वर्षाने लहान, पण फोटोत दमयंतीची लेक शोभत होती. ते दमयंतीच्या जिवाला लागलं.

बाजारामागे 'नवयौवन ब्युटी सेंटर' होतं. तिथल्या शालू मॅडमच्या भिंतीवर नट्यांचे फोटो भरपूर होते, डॉक्टरकीचं प्रमाणपत्र तेवढं नव्हतं. "दो मिनिट का काम है, आंटी. चींटी काटेगी, बस," म्हणत त्यांनी दमयंतीच्या कपाळावर, भुवयांच्या मध्ये आणि डोळ्यांच्या कडेला सुया टोचल्या. पुढचे काही तास तिथे चोळायचं नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. आणि दुखेल तिथे तेल घालून रगडायचं, हे मुरब्यात कोणाला शिकवावं लागत नाही. दमयंतीने घरी जाऊन खोबरेल कोमट केलं आणि दोन्ही भुवया मन लावून रगडल्या.

आठवड्यात आठी गेली. बाजारातला दराराही गेला. गिऱ्हाईक निम्म्या भावात मागे, दमयंती आतून खवळे आणि चेहरा मात्र पंगतीत आग्रह करायला उभी असल्यासारखा प्रसन्न. "आज काकी खुशीत हायत!" म्हणून लोक आणखी पाडून मागू लागले. तेवढ्यात साखरपुडा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दमयंती उठली तर डावी पापणी खाली.

ती धावत शालू मॅडमकडे गेली. "सुई को तो दस दिन हो गए, आंटी. ये किसी की नजर है," मॅडम म्हणाल्या. "सालवड में एक महाराज हैं, उनको दिखाओ."

म्हणून ती त्या शेडमध्ये जाऊन बसली होती. डोळा उघडला, टेम्पो गात-वाजत मुरब्याला परतला, आणि दुपारच्या चहाला पापणी परत खाली. दुसऱ्या दिवशी दमयंती पुन्हा सालवडला गेली. महाराजांनी डोळे मिटले, नाक फेंदारलं आणि निकाल दिला.

"घरात नवी पावलं आली आहेत. पांढरी पावलं! ती तीर्थाला टिकू देत नाहीत. येत्या शुक्रवारी सर्वांसमक्ष साखरपुडा मोडा. मग तीन पौर्णिमा तीर्थ घ्या. पापणी उघडली नाही तर महाराज हे नाव लावणार नाही!"

प्रणव भडकला, पण दमयंतीचे मोठे दीर धर्माजी म्हणाले, "आईचा डोळा मोठा का पोरगी?" त्यावर प्रणव पाय आपटत बाहेर गेला. खरं काय ते एकट्या दमयंतीला ठाऊक होतं, आणि आपल्याला ते नक्की ठाऊक आहे का, हे तिला ठाऊक नव्हतं. सुई टोचून इतके दिवस झाले होते. पापणी पडली ती साखरपुड्यानंतरच. महाराजांचंच खरं असेल तर?

मंगळवारी दमयंती बोंबील वाळत घालत असताना मेघाली एकटीच आली. ती औषधांचं शिक्षण घेतलेली, बोईसरच्या एका मेडिकलमध्ये कामाला होती. तिने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि बोंबील उचलता उचलता विचारलं, "मावशी, तीर्थ घातल्यावर डोळ्याची लाली गेलती ना? आन् चार तासांनी पापणी परत पडली?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाय. आमच्या दुकानात लाली घालवायचे थेंब मिळतात. त्यांनी पापणीपण जराशी उचलते, तेवढ्यापुरती. त्या ब्युटी सेंटरच्या शालू मॅडम खोक्याने नेतात. भावाच्या आश्रमाला लागतात म्हणे. सालवडला." ती जवळ आली. "मावशी, तुमी कपाळाला सुई घेतलीत का?"

"नाय!" दमयंती ओरडली. तिने आयुष्यात इतक्या रागाने काही म्हटलं नव्हतं, पण कपाळावर एक रेघसुद्धा उमटली नाही. मेघाली त्या गुळगुळीत कपाळाकडे बघत राहिली.

"मी कोणाला सांगायची नाय," ती शेवटी म्हणाली. "लगीन मोडलं तरी नाय. ते तुमचं तुमी सांगायचं हाय."

आणि उरलेले बोंबील नीट टांगून झाल्यावरच ती गेली. दमयंतीला आता खात्री पटली होती, आणि स्वतःची इतकी लाज वाटत होती की तिला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी गर्दी दुप्पट. मेघाली आली ती पालघरच्या डोळ्यांच्या डॉक्टर किंजल यांना बरोबर घेऊनच.

"हीच ती पावलं!" महाराज ओरडले.

"माझी पावलं राहू द्या, महाराज," मेघाली म्हणाली. "आज शंखात साधं पाणी घालू. मंत्र तुमचेच, भजनपण तुमचंच. पापणी उचलते का बघू."

"मूर्ख मुली! परीक्षा घेतलीस तर तीर्थ आटून जाईल!"

"बारा वर्षांचा घाम एका प्रश्नाने आटतो?" डॉक्टरांनी विचारलं. दोन-चार कामगार खुदकन हसले, पण धर्माजी उठून उभे राहिले.

"पोरी, तू नीघ. साखरपुडा मोडला."

मेघालीने एकदाच दमयंतीकडे पाहिलं. मग ती बोटातली अंगठी काढू लागली.

"थांब!" दमयंती उठली. "काढू नको ती. भावोजी, पोरीच्या पावलांत काय नाय. सुई मी घेतली. शालू मॅडमकडे. फोटोत बरी दिसावी म्हणून. घरी येऊन वर तेल रगडलं. पापणी माझ्या हौसेने पडली आन् शिव्या या पोरीला."

पुढे पेंगणाऱ्या कामगारांची झोप उडाली. मग साखरबाईचा आवाज आला, "मग माझ्या भुवयापण... अगं, मीपण घेतली! मी चकित नाय गं, त्या खालीच येत नायत!"

हसण्याने पत्रे दणाणले. मागून आणखी दोन हात हळूच वर आले. एकीचा डोळा झोपेतही पुरता मिटत नव्हता. दुसरीला महिनाभर एकाचे दोन दिसत होते आणि महाराजांनी तिला दिव्यदृष्टी आल्याचं सांगितलं होतं.

डॉक्टरांनी दमयंतीचा डोळा बॅटरीने तपासला, पिशवीतून कंपनीच्या वेष्टनातली बाटली काढून दोन थेंब घातले आणि म्हणाल्या, "आता पंधरा मिनिटं. मंत्र कोण म्हणतं?"

साखरबाई पुढे आली आणि बाजारात देते तशी खणखणीत आरोळी तिने दिली. "ए बोंबील घ्या, बांगडा घ्या, ताजी ताजी मांदेली घ्या!" मुरब्याच्या बायकांनी ती उचलली. कामगारांनी टाळ हाती घेतले. एका ओळीचा तो मंत्र पंधरा मिनिटं घुमला आणि बांगड्याच्या दीडशेव्या आवर्तनाला दमयंतीची पापणी वर आली. गेल्या शुक्रवारइतकीच. चार बोटंही जास्त नाही, चार बोटंही कमी नाही, असं धर्माजी नंतर सांगत, पण पापणी चार बोटांची नसते हे त्यांना कोण सांगणार.

"हे इंजेक्शन स्नायू ढिला करतं," डॉक्टर म्हणाल्या. "चुकीच्या जागी टोचलं किंवा चोळून पसरलं, तर पापणी उचलणारा स्नायूही ढिला पडतो. त्याला काही दिवस लागतात, म्हणून कोणाला सुईची आठवण येत नाही. या थेंबांनी पापणीतला दुसरा एक बारका स्नायू तात्पुरता आखडतो. म्हणून आधी भजन, म्हणजे औषधाला वेळ मिळतो. आणि तीन पौर्णिमा का? तीन-चार महिन्यांत इंजेक्शनचा असर आपोआप उतरतो. शालू मॅडम महाराजांची बहीण. बहिणीने पापणी पाडायची, भावाने राखण करायची, आणि ती बरी झाली की नाव तीर्थाचं. पण हे थेंब घरी कोणी घालू नका. आणि पापणी अचानक पडली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कधी कधी ते मोठ्या आजाराचं लक्षण असतं."

सर्वांनी महाराजांकडे पाहिलं, तर आसनावर नुसता शंख होता. त्यांची ध्यानाची वेळ झाली होती म्हणे, आणि ध्यानाला ते मोटारसायकलवरून गेले होते. डॉक्टर आणि मेघालीने पोलिसांत रीतसर तक्रार दिली. 'नवयौवन'चं शटर खाली आलं, तेही अर्धं नाही, पुरतं.

त्यानंतर कोणी तीर्थ घातलं नाही, कोणी भजन केलं नाही. तरी तिसऱ्या महिन्यात पापणी वर आली. धर्माजी केळव्याला जाऊन मेघालीच्या आईबापांसमोर हात जोडून आले. माणूस हट्टी, पण चूक कळल्यावर माफी मागायला मागे हटणारा नव्हता. दमयंती बाजारात प्रत्येकीला टोपलीवरून सांगत असे, "सुई घ्या नायतर नका घेऊ, पण टोचणाऱ्याला आधी विचारा, तू डॉक्टर हायस का? आन् आपलं दुखणं दुसऱ्याच्या पोरीच्या पायावर कधी ढकलू नका. कोणी ढकलायला सांगितलं, तर समजा, त्याला काहीतरी लपवायचं हाय."

लग्नात नवशाने कॅमेरा रोखला आणि सवयीने म्हणाला, "काकी, ती आठी तेवढी काढा ना."

दमयंतीने भुवया जवळ आणल्या. एक, दोन, तीन, सगळ्या रेघा जागच्या जागी उमटल्या. नवशा दोन पावलं मागे सरकला.

"राहू दे रे," शेजारी उभी असलेली मेघाली हसत म्हणाली. "आईंची आठी तीन महिन्यांनी घरी आलीय. तिचापण फोटो काढ."