पॉम्फ्रेट साहेबांच्या दारची रांग

"अहो, ही रांग कसली?"

"कुणास ठाऊक! पण पुढे कुणीतरी उभं आहे, म्हणजे असेलच काहीतरी," असं म्हणून निळ्या टोपीच्या आजीबाई रांगेत शिरल्या.

पुढे इनिड क्लेग उभी होती. कौन्सिलर पॉम्फ्रेट यांच्या घरासमोर, अंगात कामावरचा कोट घालून. सॉल्टबीच्या किनाऱ्यावरचं शौचालय घासण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आम्ही इंग्रज घरात त्याला 'लू' म्हणतो, चारचौघांत 'नाकाला पावडर लावून येते' म्हणतो, पाटीवर मात्र 'पब्लिक कन्व्हीनियन्स' लिहितो. म्हणजे सार्वजनिक सोय. कशाची, ते विचारायचं नसतं.

"सोय ही चैन आहे," असं पॉम्फ्रेट गेल्या महिन्यात सभेत म्हणाले आणि शौचालयाला कुलूप लागलं. इनिडच्या निरोपाचा केक त्यांनीच कापला. भाषणात तिला 'एडना' म्हणाले.

आज म्हाताऱ्यांची सहलीची बस यायच्या वेळी इनिड पॉम्फ्रेट यांच्या दारात जाऊन नुसती उभी राहिली. बाकीचं, रांग दिसली की मागे उभं राहणाऱ्या इंग्रज रक्तानं केलं.

पॉम्फ्रेट यांनी दार उघडलं. "काय चाललंय हे?"

"रांग आहे, साहेब."

"कसली?"

"सोयीची."

"अहो, हे माझं घर आहे!"

"असू दे की!" मागून कुणी ओरडलं. "घरात एक असेलच ना? आमच्या फ्रँकचं ऑपरेशन झालंय, त्याला आधी सोडा!"

निवडणूक तोंडावर होती. शिवाय रांग शिस्तीत होती, आणि शिस्तीतली रांग हाकलणं हे आमच्याकडे महापाप.

"वर... डावीकडे," पॉम्फ्रेट पुटपुटले.

"तुम्ही आधी," इनिड आजीबाईंना म्हणाली. मग फ्रँकला. मग त्याच्या मागच्याला. सगळ्यांना पुढे सोडत ती रांगेत पहिलीच उभी राहिली. वर पाणी सुटल्याचा प्रत्येक आवाज ती डोळे मिटून ऐकत होती.

"क्लाइव्ह!" जिन्यावरून मिसेस पॉम्फ्रेट किंचाळल्या. "कागद संपला! आणि गालिच्याचं काय झालंय बघा!"

बस गेली. पॉम्फ्रेट चौकटीला टेकले होते.

"उद्याही येणार?"

"बस रोज येते, साहेब."

पॉम्फ्रेट यांनी एकदा जिन्याकडे पाहिलं. मग जरा नरमाईनं म्हणाले, "तुम्हाला... जायचंय का?"

तिला सकाळपासून जायचं होतं.

"तुमच्याकडे? नको."

ती टेकडीवरच्या घराकडे निघाली. पाठ ताठ, पावलं लहान. कुलूपबंद शौचालयापाशी क्षणभर थांबली, गुडघ्याला गुडघा घट्ट जुळवला, आणि चढ चढू लागली.