आजचा कोरडा कोण

दाराच्या मागे टॉवेल ओला. घरात अजून कोणाची अंघोळ झालेली नाही, तरी ओला.

मनगटी घड्याळ सेकंदाला पाच ठोके देतं. दोन मिनिटांत सहाशे. गिऱ्हाइकाला त्याचं काय? त्याला फक्त किती वाजले ते हवं असतं.

"श्वास घ्या. रोखा. हलू नका. सोडा." दिवसातून साठ-सत्तर वेळा, काचेच्या आडून.

मुलगा आता दुसऱ्या देशात, दुसऱ्या बायकोबरोबर. फोनवर आवाज इतका स्वच्छ येतो की शेजारच्या खोलीत आहे असं वाटावं.

खाणीतलं पाणी आपणहून हलत नाही.

घड्याळजी एकाहत्तर वर्षांचे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची सून. म्हणजे कागदावर आता ती सून नव्हती. चौदा महिन्यांपूर्वी मुलाने घटस्फोट घेतला, सह्या झाल्या, मुलगा गेला आणि सून राहिली. लोकांच्या घरी उलटं होतं. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढायची, संध्याकाळी येऊन स्वयंपाकाला लागायची, "बाबा, गोळी घेतलीत का?" विचारायची. सगळं पूर्वीसारखंच. घरात हसणं तेवढं उरलं नव्हतं.

मागच्या महिन्यात जेवताना ती म्हणाली होती, "बाबा, हॉस्पिटलजवळ एक खोली मिळतेय. खिडकीतून झाडं दिसतात." मग ताटं उचलता उचलता आपणच म्हणाली, "जाऊ दे. मी आपलं सहज सांगितलं."

ते सहज नव्हतं हे न कळायला घड्याळजी काही दूधखुळे नव्हते. 'घे ती खोली.' तीनच तर शब्द. रोज जेवताना ओठांवर यायचे आणि घासाबरोबर परत पोटात जायचे. ती आपल्यासाठी अडकून पडली आहे, हे त्यांना उघड दिसत होतं. पण म्हणावं, आणि ती लगेच "बरं" म्हणाली तर?

टॉवेलचं कोडं तिनेच सोडवलं.

"आम्ही चार-पाच जण सकाळी खाणीवर जातो, बाबा. गार पाण्यात उभे राहतो."

"ऐन थंडीत?"

"थंडीतच तर."

"डॉक्टरांनी सांगितलंय?"

"नाही हो. मजा येते."

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "सगळ्यांनाच झालंय का हे?"

"या ना एकदा. स्वतःच बघा."

शहराबाहेर दगडाची जुनी खाण. काम कधीच बंद पडलेलं, आत पाणी साचून तळं झालेलं. एका कडेला रुंद पायरी कापलेली, तिच्यावर उभं राहिलं की पाणी छातीपर्यंत येतं. काठावर तिघं वरचे कपडे काढून, अंगाला हात चोळत उड्या मारत होते: शाळेतून निवृत्त झालेल्या हेडबाई, एक पोस्टमन, आणि भट्टीसमोरून तसाच आलेला बेकरीवाला, त्याच्या कानात अजून पीठ.

"हे कोण?" हेडबाईंनी विचारलं.

"हे माझे बाबा," सून म्हणाली. "घटस्फोटात माझ्या वाट्याला आले."

सगळे खो खो हसले. तीही हसली. घड्याळजीही हसले, पण 'वाट्याला आले' हे कुसळासारखं कुठेतरी रुतलं. वाट्याला काय येतं? जुनं कपाट. भांडण. म्हातारा.

हेडबाईंनी नियम सांगितले. त्यांच्या आवाजात अजून वर्ग होता. "दोन मिनिटं. एकमेकांचे हात धरून गोल. पाण्यात 'गार' हा शब्द काढायचा नाही. जो काढेल तो दुसऱ्या दिवशी कोरडा."

"कोरडा म्हणजे?"

"काठावर बसायचं. टॉवेल सांभाळायचे, घड्याळ बघायचं आणि दोन मिनिटं झाली की 'झालं' म्हणून ओरडायचं. रोज एक जण कोरडा लागतोच, नाहीतर आम्हाला बाहेर काढणार कोण? भान राहत नाही तिथे."

"ही शिक्षा झाली?"

"सगळ्यात मोठी," पोस्टमन कळवळून म्हणाला. "आज माझी पाळी होती. पण तुम्ही तर घड्याळजी! आयतेच सापडलात!"

चार टॉवेल मांडीवर घेऊन घड्याळजी दगडावर बसले. घड्याळ त्यांचं स्वतःचं, कालच तेल दिलेलं.

दहा सेकंद. बेकरीवाला भट्टीच्या भाषेत काहीतरी बोलला. हेडबाईंनी डोळे वटारले.

वीस. सून मानेपर्यंत खाली बसली. तिचा श्वास अडकला, आणि तिने स्वतःलाच बजावलं, "रोखू नकोस. सोड. सोड."

पन्नास. पोस्टमन म्हणाला, "पाणी आज जरा... जरा..." "काय जरा?" सगळे एका सुरात. "जरा सोज्वळ आहे." 

साठ. आणि मग ती हसली. मघाशी हसली तसं नाही. मान मागे टाकून, तोंड पूर्ण उघडून, मध्येच उचकी लागून. हेडबाईंचा हात धरून ती पाण्यात डुगडुगत होती, आणि हसण्यातून बाहेर यायला तिला वाटच सापडत नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा ती अशी हसायची. स्वयंपाकघरातून आवाज यायचा, आणि पुढच्या खोलीत घड्याळजींच्या चिमट्यातला स्क्रू निसटायचा.

नव्वद.

एकशे वीस.

एकशे सत्तर.

दोनशे दहा.

"अहो!" काठावरून नाही, पाण्यातून आवाज आला. "अहो घड्याळजी! झाली का नाही दोन मिनिटं?"

घड्याळजींनी मनगटाकडे पाहिलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. पन्नास वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला त्यांनी चुकीची वेळ सांगितली नव्हती.

"झालं! झालं! झालं!" तीनदा ओरडले.

चौघं बाहेर आले ते दातखीळ बसलेले, ओठ जांभळे. पोस्टमनला टॉवेलचं टोक सापडेना. अंगात जरा ऊब आल्यावर हेडबाई म्हणाल्या, "साडेतीन मिनिटं! साध्या माणसाने केलं असतं तर सोडून दिलं असतं. कोरड्याने चूक केली तर काय करायचं?"

"तिथल्या तिथे ओला!" पोस्टमन आणि बेकरीवाला.

"नको हं," सून पुढे झाली. "बाबांचं वय..."

"मागच्याच महिन्यात डॉक्टरांनी सगळं उघडून बघितलंय," घड्याळजी शर्टाची बटणं काढत म्हणाले. "गुडघे गेले, कान गेले, यंत्र ठणठणीत आहे. एक मिनिट. तू चल बरोबर."

हेडबाईंनी घड्याळ हातात घेतलं. दोघं पायरीवरून उतरले. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, आणि छातीला लागताच घड्याळजींचा श्वास आतल्या आत थिजला. तिने दोन्ही हात घट्ट धरले.

"रोखू नका, बाबा. सोडा. माझ्याकडे बघा. सोडा."

त्यांनी सोडला. श्वासाबरोबर तेही सुटलं.

"घे ती खोली."

"काय?"

"झाडांची. घे."

"बाबा, हे इथे बोलायचं?"

"बाहेर गेलो की माझी हिंमत जाईल. बोलू दे."

तिचे दात वाजत होते. "तुम्ही नकोसे म्हणून नव्हतं हो मी सांगितलं."

"मला ठाऊक आहे. मी तुझ्या वाट्याला आलोय म्हणून तू..."

"अहो, वाट्याला काय! मागून घेतलंय मी. कपाट, फ्रिज, सगळं त्याला नेऊ दिलं. तुम्हाला नाही नेऊ दिलं." ती रडत होती की थंडीने नाक वाहत होतं, कळायला मार्ग नव्हता. "मी गेले तर तुम्ही..."

"मला काय धाड भरलीय? सकाळी साडेसहाला इथे असेन. मला ओला करायला कोणीतरी लागेल ना."

"नक्की?"

"नक्की. पण एक सांगू?"

"काय?"

"फार गार आहे गं हे!"

काठावर एकच गलका झाला. बेकरीवाल्याने टॉवेल हवेत उडवला. "उद्याचा कोरडा मिळाला!"

पंधरा दिवसांनी तिने खोली घेतली. बेकरीवाल्याने पावाच्या गाडीतून तिचं सामान पोचवलं. गाद्यांना आठवडाभर पावाचा वास येत होता. घड्याळजींची संध्याकाळ लांबली, हे खोटं कशाला सांगा. आठ वाजले की गोळीबद्दल फोन यायचा, मग पुन्हा सगळं शांत. पण सकाळी सव्वासहालाच ते खाणीवर पोचलेले असायचे, सगळ्यांच्या आधी, टॉवेल गळ्यात टाकून. ती वळणावरून येताना दिसली की तिथूनच ओरडायचे, "आज कोण कोरडा? मी नाही हं!"

आणि हीच ती सून: लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने या घरात पहिला प्रश्न विचारला होता तो सासऱ्यांना: बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ कोणता, डावा की उजवा?