नवाचे सहा

सभागृहात बसायला जागा उरली नव्हती, म्हणून माणसं भिंतींना टेकून उभी होती. खाली सगळे पुरुष, साठीच्या पुढचे. वर गॅलरीत त्यांच्या बायका, मुली, सुना. व्यासपीठावर पांढरा कोट घातलेला, गुळगुळीत टकलाचा एक गृहस्थ डोळे मिटून माइकमध्ये घुमत होता, "हूंऽऽऽ!" आणि खालचे शेकडो म्हातारे ओटीपोटावर हात ठेवून त्याच्यामागून घुमत होते. खरं तर मला हसू फुटायला हवं होतं. पण दुसऱ्या रांगेत माझे वडीलही डोळे मिटून घुमत होते.

त्या गृहस्थाला सगळे पेशीगुरू म्हणत. घुमणं थांबवून त्याने डोळे उघडले.

"म्हातारपण म्हणजे काय? पेशीतली जीन्स, म्हणजे जनुकं, झोपतात! झोप आली की आळस. आळस आला की गाळ. आणि गाळ साचला की?"

"गाठ!" सभागृह ओरडलं.

"डॉक्टर काय करतात? झोपलेल्याला सुई टोचतात. मी काय करतो?"

"जागवता!"

"कशानं?"

"नादानं!"

"आणि ही पुडी? हिच्यात काय आहे?"

"राख आणि साखर!"

"शाबास. पुडी नुसती गाडी आहे, आत बसलाय तो नाद. आणि हे बघा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. बिलकूल ठेवू नका! तुमच्या आवडीच्या लॅबमध्ये जा, रक्त तपासा. मशीन काही माझी मावशी लागत नाही."

हशा पिकला. मला मात्र काळजी वाटली. तपासणीला घाबरणारा भोंदू मी सहज पचवला असता. हा स्वतःच तपासा म्हणत होता, आणि तपासणीत पासही होत होता.

"आज आपल्यात गणिताचे मास्तर आहेत," पेशीगुरू दोन कागद फडकवत म्हणाला. "आकड्यांचा माणूस! आठ महिन्यांपूर्वी यांचा पीएसए, म्हणजे प्रोस्टेटचा रक्तातला आकडा, होता नऊ. डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेटमध्ये सुई घालून तुकडे काढू. मास्तर तिकडे गेले नाहीत, इकडे आले. आज आकडा किती? सहा! पुढच्या बैठकीत मास्तर इथं उभे राहून हे गणित तुम्हाला सोडवून दाखवतील. ज्यांच्या सुईच्या तारखा ठरल्यात त्यांनी तोवर थांबा. घाई कशाची?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारी बसलेल्या आईने माझा हात घट्ट धरला. ती रडत होती. "बघितलंस? आपण उगाच घाबरत होतो," ती म्हणाली.

टाळ्या घ्यायला माझे वडील, आप्पा, उभे राहिले आणि एकदम झोकांडले. त्यांना इथे घेऊन आलेले त्यांचे मित्र, घड्याळं दुरुस्त करणारे काका, शेजारीच होते. त्यांनी सावरलं म्हणून आप्पा पडले नाहीत. "नादाचा झोका! शक्ती चढतेय!" पेशीगुरू ओरडला. त्यांच्या मागे आणखी दोघे-तिघे उठता उठता डोकं धरून खाली बसले.

मी कठड्यावरून वाकून आप्पांकडे पाहिलं. वरून मला फक्त त्यांचं डोकं दिसत होतं. मी लहान असल्यापासून ते टक्कल बघत आले आहे. त्यावर आता कोवळी लव उगवली होती. शेजारच्या म्हाताऱ्याच्या टाळूवरही होती. त्याच्या पुढच्याच्याही. "केससुद्धा जागे झाले हो यांचे," मागे कोणाची तरी बायको कौतुकाने सांगत होती. ही लव कशाने उगवते ते मला माहीत होतं.

मी एका प्रयोगशाळेत काम करते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या प्रोस्टेटचे, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचे, तुकडे आमच्याकडे येतात. त्यातल्या पेशी आम्ही एकेक करून सुट्या करतो आणि कुठल्या पेशीत कुठलं जीन काम करतंय ते वाचतो. जीन्सचं पुस्तक सगळ्या पेशींत एकच असतं, पण प्रत्येक जातीची पेशी आपापली पानं उघडते. आतल्या थरातल्या पेशी स्राव तयार करतात, त्यांच्याखालच्या त्यांना आधार देतात, भोवतीच्या स्नायूंच्या पेशी आवळतात आणि सैल सोडतात. वय वाढलं की उघडी पानं बदलतात, रोग शिरला की आणखी बदलतात. पण कुणी "हूं" म्हटल्याने एखादं पान उलटल्याचं आम्हाला अजून तरी आढळलेलं नाही.

औषधाने मात्र उलटतं. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी डॉक्टर एक जुनं, साधं औषध देतात. ते पुरुषी हार्मोनचा जोर कमी करतं. तेच औषध कमी मात्रेत टकलावर देतात. दुसरं एक औषध मूत्रमार्गाभोवतीचे स्नायू सैल करतं. लघवी मोकळी होते, पण उभं राहताना रक्तदाब घसरतो आणि चक्कर येते. लव आणि चक्कर, दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर खाली रांगेने बसली होती.

मी मागितल्यावर आईने चार पुड्या मला गुपचूप काढून दिल्या. माझी मैत्रीण प्रयोगशाळेच्या मोजणी विभागात आहे. दोन दिवसांनी तिने मला बोलावून घेतलं आणि पडद्यावरच्या आलेखातली दोन उंच शिखरं दाखवली.

"राख आहे, साखरही आहे. शिवाय ही दोन औषधं, आणि तीही सढळ हाताने घातलेली. कोण घेतंय गं हे?"

"माझे वडील," मी म्हणाले. औषध प्रशासनाकडे मी त्याच दुपारी तक्रार दिली. "बघतो," असं उत्तर मिळालं. सरकारी बघणं किती लांबतं ते सांगायला नको.

घरी आले तेव्हा आप्पा आणि घड्याळवाले काका स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चहा पीत होते. मी रिपोर्ट पुढे ठेवला. आप्पांनी चष्मा लावून तो नीट वाचला आणि खांदे उडवले.

"असेना का औषध! राखेपेक्षा बरंच की. आकडा उतरला ना?"

"मास्तर बरोबर बोलतात," काका म्हणाले. त्यांनी पाठीला उशी लावली होती. "गुण आल्याशी मतलब. माझी पाठ दुखते तर पेशीगुरू म्हणाले, गाळ हाडातून बाहेर पडतोय, सोसा थोडं. सोसतोय की मी."

प्रोस्टेटचा कॅन्सर पसरला की बहुधा हाडांत जातो, म्हणून त्यांची पाठदुखी मला खटकली. पण आधी आप्पांना सांगायचं होतं, आणि कसं सांगावं ते कळत नव्हतं.

"आप्पा, तुम्ही वर्गात डोळे वटारले की गोंगाट थांबायचा. पण म्हणून पोरं घरी गेलेली असायची का?"

"घरी कशी जातील? बाकावरच असायची."

"पीएसए म्हणजे तो गोंगाट आहे. आतल्या थरातल्या पेशींमधलं एक जीन तो करतं, आणि पुरुषी हार्मोन त्याला चिथावतं. औषधाने हार्मोनचा जोर कमी केला की जीनचा आवाज खाली येतो. साध्या पेशीतला येतो आणि कॅन्सरच्या पेशीतलाही. पण कॅन्सर असेल, तर आवाज खाली आला म्हणजे तो गेला असं नाही."

"म्हणजे पेशीगुरू जागवत नाही, गप्प बसवतो?"

"हो. आणि हे औषध आठेक महिने घेतलं की आकडा साधारण निम्मा होतो. जवळजवळ सगळ्यांचाच. डॉक्टरांना हे माहीत असतं. म्हणून हे औषध घेणाऱ्याचा आकडा ते दुप्पट करून वाचतात."

पुढे मला बोलावं लागलं नाही. उभा जन्म गणित शिकवलेल्या माणसाचं बोट टेबलावर आपोआप फिरायला लागलं. नवाचे निम्मे साडेचार. यायला हवे होते साडेचार. आले सहा. बोट थांबलं.

"बारा," आप्पा म्हणाले. "नवाचे सहा झालेच नाहीत. नवाचे बारा झालेत."

"काय हो? चांगलं आहे ना?" आईने ओट्यापासून विचारलं. तिने आमच्याकडे पाहिलं आणि गॅस बंद केला.

माझ्या वडिलांना मी इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि मीही त्यांच्याइतकीच घाबरले होते. नऊ आला तेव्हा डॉक्टरांनी समजावलं होतं की हा आकडा वयाने वाढलेल्या साध्या ग्रंथीचाही असू शकतो, कॅन्सरचाही, ती सुईची तपासणी, बायोप्सी, केल्याशिवाय कळणार नाही. ते न कळताच आठ महिने पुड्यांत गेले होते.

"मला सुईची भीती नव्हती गं," ते हळूच म्हणाले. "सुई काय सांगेल त्याची होती."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बायोप्सीची तारीख घेतली, आणि त्याआधी बैठकीलाही जाणार म्हणाले. आई म्हणाली, नका जाऊ, लोक अंगावर येतील. आप्पा म्हणाले, "मला गणित सोडवायला बोलावलंय. मी ते सोडवणार."

बैठकीत ते कठडा धरून व्यासपीठावर चढले. टाळ्या पडल्या. त्यांनी माइक हातात घेतला.

"आधी एक हजेरी घेतो," ते म्हणाले. "उठताना चक्कर कुणाकुणाला येते? हात वर."

हातांचं रान उठलं.

"टकलावर लव कुणाकुणाला आली?"

हसत हसत पुन्हा हात वर झाले. पेशीगुरूही प्रसन्न हसला.

"आता सांगा, इथं इतकी वर्षं सगळ्यात जास्त घुमलं कोण?"

"पेशीगुरू!"

"मग पेशीगुरू, तुमच्या डोक्यावर एकही केस कसा जागा झाला नाही? नाद तुमचा, गळा तुमचा. आम्ही घेतो आणि तुम्ही घेत नाही, अशी एकच गोष्ट आहे. पुडी."

कुठून तरी एक हसू फुटलं आणि पसरत गेलं. मी वरून उभी राहून ओरडून सांगितलं की पुडी तपासली आहे, त्यात दोन औषधं आहेत, पहिल्याने आकडा दबतो आणि दुसऱ्याने चक्कर येते. खालून कोणीतरी ओरडलं, "बसा हो बाई!"

"मुलीनं मास्तरांचे कान भरलेत!" पेशीगुरूचा आवाज चिरका झाला. "डॉक्टरांचा धंदा बसतोय म्हणून हे चाललंय! श्रद्धा डळमळली की जीन्स पुन्हा झोपतात!" त्याने खूण केली आणि माइक बंद पडला. पण गणिताच्या मास्तरांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायला माइक लागत नाही.

"माझा सहा हा सहा नाही, बारा आहे!" आप्पा म्हणाले. "तुमच्यापैकी ज्यांचा आकडा उतरलाय त्यांनी घरी जाऊन दुप्पट करा, आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. मी घाबरलोय. घाबरलो म्हणूनच इथं आलो होतो. तुम्हीही त्याचसाठी आलात, यात लाजण्यासारखं काही नाही. पण या माणसानं आपली भीती घालवली नाही हो, आपल्याला फक्त वाट बघायला लावलं."

त्यांना खाली उतरवलं गेलं. सगळे लगेच शहाणे झाले असं मी सांगणार नाही. कित्येकांनी जाताना काउंटरवरून पुड्या घेतल्याच. एकाने मला शिव्या दिल्या. पण बरेच लोक दारापाशी खोळंबून एकमेकांना आकडे विचारत होते. पुढे औषध प्रशासनाचे अधिकारी आले, सभागृहामागच्या खोलीत राखेच्या पिंपाशेजारी गोळ्या दळायचं यंत्र सापडलं, आणि पेशीगुरू मागच्या दाराने पळताना पकडला गेला.

आप्पांना कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, अजून ग्रंथीच्या बाहेर गेलेला नाही, उशीर झालाय पण फार नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. आई त्यांना सारखं खायला देते आणि ते निमूटपणे खातात.

घड्याळवाल्या काकांचा आकडा पुड्या घेताना चार होता. चारपर्यंत ठीक मानतात म्हणून ते खुशीत होते, पण खरा आकडा आठ होता. त्या बैठकीनंतर मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. रोग मणक्यापर्यंत पोचला होता. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी मला विचारलं, "पोरी, पाठ दुखायला लागली त्याआधी आलो असतो तर?" मी म्हणाले, "कदाचित." त्यांनी मान हलवली. उपचार चालू आहेत, आयुष्य लांबेल, पण रोग पूर्ण जाईल असं कोणी म्हणत नाही.

हे सगळं लिहिलं ते माझा राग निघावा म्हणून नाही. तुमच्या घरात कोणी पुडी घेत असेल, तर तिच्यात काय आहे ते विचारा. सांगत नसतील तर तोंडात घालू नका. आकडा उतरला तर आनंद करण्याआधी तो कशाने उतरला ते शोधा. आणि बायोप्सीची तारीख मिळाली असेल तर ती पुढे ढकलू नका. भीती वाटणार, आम्हालाही वाटते आहे. घाबरत घाबरत जा, पण जा.