कोपऱ्यातला दिवा

“अजून कमी कर,” हूरिनिसो म्हणाली.

भर दुपारी पडदे ओढून बैठकीच्या खोलीत दिव्यांची परीक्षा चालली होती. नव्या पांढऱ्या छतात वाटीएवढे दिवे खोचले होते आणि वायरमन शोकिर उस्ता डिमरचं गोल बटण फिरवत होता.

“ओयी, लग्नाला सगळी आळी येणार,” बोतिर आईला म्हणाला. “तुझ्या नातसुनेचं तोंड दिसायला नको लोकांना?”

“तोंड दिसू दे. दाढेतली कीड कशाला दिसायला हवी? घर आहे हे, दाताचा दवाखाना नव्हे.”

तिच्या नवऱ्याने, एर्गाशने, जन्मभर बस डेपोत वेल्डिंग केलं. संध्याकाळी घरी यायचा तो डोळ्यांत वाळू गेल्यासारखा. म्हणून या घरात मोठा बल्ब कधी लागलाच नाही. तो पडलेला असताना कुणी दिवा लावलाच, तर हूरिनिसो हातातलं काम टाकून त्याच्या डोळ्यांवर तळहाताचं छप्पर धरायची. याच खोलीत, खिडकीजवळच्या कोपऱ्यात, तो उन्हाळ्यात गेला.

मेलेल्याच्या खोलीत चाळीस दिवसांचा चिल्ला उठेपर्यंत रोज दिवा लावायचा, म्हणजे त्याला घर सापडतं. पण बोतिरला छतवाला कारागीर अवचित मोकळा मिळाला आणि चिल्ला उठायच्या आतच त्याने खोली फोडायला काढली. आत सगळा धुरळा. शेवटचे दिवस दिवा अंगणात, तंदूरशेजारी लागला. “दादांना काय, अंगणही त्यांचंच,” बोतिर तेव्हा म्हणाला होता. हूरिनिसोने ते अजून गिळलं नव्हतं. “तुझा बाप काय अंगणात मेला होता?” ती अधूनमधून विचारायची, तेही नेमका त्याच्या तोंडात घास असताना.

“आता पूर्ण बंद करून दाखव,” ती म्हणाली.

बटण खट्‌ वाजलं. खोली काळोखली. फक्त खिडकीजवळच्या कोपऱ्यातला एक दिवा राहिला. उजेड पडत नव्हता त्याचा, नुसता होता. दुधाचा थेंब आटत आलेला असावा तसा.

“बंद कर म्हटलं ना, उस्ता,” बोतिर म्हणाला.

“केलाय की. होतं असं. बटणात बारीक दिवा असतो, त्यातून करंट झिरपतो.”

“मग एकाच दिव्यात कसा झिरपतो?”

उस्ता शिडीवर चढला. कोपऱ्यातला दिवा काढून दाराजवळ लावला, दाराजवळचा कोपऱ्यात. पुन्हा बटण बंद केलं. दाराजवळचा विझला. कोपऱ्यातला मंद पेटून राहिला.

“होतं असं,” उस्ता पुन्हा म्हणाला, पण या वेळी हळू. शिडीवरून तो पाठ भिंतीला लावून उतरला. “तिथल्या वायरीत काही असेल. बटण साधं बसवतो, जाईल.”

“थांब, मी मीटरच बंद करून बघतो,” म्हणत बोतिर दाराकडे वळला.

“मीटरला हात लावायचा नाही.”

बोतिर जागच्या जागी थांबला. आईचा असा आवाज त्याने बापाच्या शेवटच्या आजारात ऐकला होता, डॉक्टरला बाहेर घालवताना.

हूरिनिसो कोपऱ्याकडे बघत होती. मीटर बंद करून तो विझला असता, तर तिचं माणूस पुन्हा गेलं असतं. विझला नसता, तर बोतिरला भीतीने या घरात पाठ टेकता आली नसती.

“हा एक आहे तसा राहू दे, उस्ता. याला तुझ्या बटणाशी जोडू नकोस. बाकीचे लावा हवे तेवढे भगभगीत. लग्न तुमचं आहे.”

उस्ताने बोतिरकडे पाहिलं. बोतिरने मान हलवली. थोडी खटपट झाली, मग बोतिरने स्वतः बटण धरलं आणि शेवटपर्यंत फिरवलं.

खोली चुन्यासारखी पांढरी झाली. गालिच्याचा प्रत्येक धागा दिसायला लागला. हूरिनिसो कोपऱ्यात घडी घातलेल्या गादी-उशीशी गुडघे टेकून बसली होती. तिचं तिलाही कळलं नसेल, पण तिचा उजवा तळहात उशीच्या वर, वीतभर अंतरावर, पसरून धरलेला होता. खाली कोणी नव्हतं.

उस्ता हत्यारं गोळा करायला लागला. वर बघेना.

बोतिरने बटण हळूहळू मागे घेतलं. हात तसाच होता. आणखी मागे घेतलं. भिंती मळकट झाल्या, माणसांच्या चेहऱ्यांच्या नुसत्या कडा उरल्या. तेव्हा कुठे आईचा हात सैल होऊन मांडीवर आला.

तिथेच त्याने बटण थांबवलं आणि उस्ताला म्हणाला, “एवढंच ठेव.”