डोकं खाल्लं तरच

दोंडाईच्याजवळच्या आमच्या गल्लीत निंबाभाऊंचा मेंदू बिघडला, तेव्हा बाकीच्यांना आपल्यालाही मेंदू असल्याचं आठवलं.

भाऊ आधी चालताना झोकांड्या खाऊ लागले, मग बायकोचं, शेवंताबाईंचं, नाव विसरले, मग बोलणंच बंद. धुळ्याच्या डॉक्टरांनी शेवंताबाईंना सोपं करून सांगितलं, "मेंदूतलं एक प्रथिन आपोआप वाकडं होतं. ते शेजारच्याला वाकडं करतं, ते त्याच्या शेजारच्याला. मेंदूला चाळणीसारखी भोकं पडतात. औषध नाही."

सोबत गेलेले पितांबरनाना भिंतीला भिंत लागून राहणारे. त्यांनी त्यातला 'शेजारच्याला' एवढा एकच शब्द उचलला. पुढचं ऐकायला ते थांबलेच नाहीत, थेट एसटीत जाऊन बसले.

मग काय, नानांनी मधल्या भिंतीला फिनेल फासलं. पलीकडच्या ताईबाईने विरजण द्यायचं बंद केलं. तो वाकडा शब्द एका घरात शिरे, तिथली अक्कल वाकडी करी आणि पुढच्या घरी जाई. शिवून, सोबत जेवून हा रोग लागत नाही, असं शेवंताबाई दारोदार सांगून आल्या. कोणी ऐकलं नाही. उलट रोज कोणीतरी खिडकीतून विचारी, भाऊंचं ताट वेगळं ठेवता ना, खाट जाळणार ना?

शेवंताबाईंना मूलबाळ नव्हतं. भाऊंचे फार दिवस उरले नव्हते, आणि तिरडीला चार माणसं लागतात. त्यांना तोच एक घोर होता.

एकदा नानांनी लांबूनच पुन्हा विचारलं, "अक्का, हाऊ रोग नेमका कसा लागस?"

त्या वैतागल्या. "डोकं खाधं तरच लागस, नाना. आनि बठ्ठी गल्ली रोज मनं डोकं खाई राह्यनी. आते तुमनं काय व्हई?"

अख्ख्या गल्लीत अक्काचं डोकं सगळ्यात जास्त आपणच खाल्लं, हे आठवून नानांचा चेहरा उतरला. "मंग उतारा काय शे?"

नानांना हे खरंच वाटलंय, हे शेवंताबाईंच्या लक्षात आलं. 

"खांदा," त्या म्हणाल्या. "त्यासले खांदा द्या. मंग काही व्हत नही."

नानांनी तो उतारा त्याच दिवशी गल्लीभर केला. भाऊ गेले तेव्हा तिरडीपाशी ढकलाढकली झाली. दोनदा खांदा दिला तर जास्त गुण येतो का, हे गल्लीतल्या तोतारामने विचारूनही घेतलं. बाहेरगावचे पाहुणे म्हणाले, काय माणुसकी आहे या गल्लीत.

शेवंताबाई ओट्यावर बसून रडत होत्या. नवरा गेल्याचं दुःख होतंच. पण खरं सांगितलं तेव्हा एक माणूस उंबऱ्याशी आला नव्हता आणि खोटं सांगितल्यावर अख्खी गल्ली आली, याचा राग त्यांना रडूही धड देत नव्हता.