कळपामागं निघालेल्या प्लेटा

त्या सकाळी माळावरच्या सगळ्या सोलर प्लेटांनी सूर्याकडं पाठ फिरवली आणि माझ्या मेंढरांकडं तोंड केलं. मेंढरं प्लेटांखालचं गवत खात पुढं सरकली, की प्लेटाही हळूहळू मान वळवायच्या. वीज मात्र रोजच्यापेक्षा जास्त येत होती.

कंपनीचे इंजिनीअर बोरवणकर फाटकातून घाईनं आले.

"मावशी, मेंढरं बाहेर काढा."

"वीज कमी झाली का?"

"वाढलीय. पण प्लेटांनी सूर्याकडंच बघायचं असतं."

मी आणि माझी धाकटी जाऊ सुंदरा, आम्ही कळप बाहेर काढला. आमच्यामागं फाटक लागलं आणि तारेचं कुंपण चालायला लागलं. ते घाई करत नव्हतं. खांब एकेक पाऊल टाकत आमच्याकडं येत होते आणि बाहेरचं कुरण आत घेत होते. आम्ही मागं सरलो. बाभळी आत गेल्या, पाणवठा आत गेला. दुपारी आमच्यापाशी ओढ्याच्या कडेची उभं राहण्यापुरती जागा उरली. कोकरं आयांच्या पोटाखाली शिरली.

"अक्का, आता ओढ्यात उतरायचं का?" सुंदरानं विचारलं.

खाली ओढा नव्हता. खाली आभाळ होतं.

"नाही," मी म्हणाले. काठी रोवली, तोंडाशी हात धरला आणि सांजेला कळप गोळा करताना घालते तशी हाळी घातली.

आधी जवळची प्लेट हलली. तिनं मातीतून पाय उपसला, झटकला, दुसरा उपसला. मग तिच्यामागची. मग रांगाच्या रांगा उठल्या. कुंपणापाशी येऊन त्या थांबल्या नाहीत. तारा तटातटा तुटल्या, खांब आडवे झाले. सुंदरा मोठ्यानं हसली. लग्न होऊन आल्यापासून तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

बोरवणकर मोकळ्या माळावर एकटेच उभे होते.

"मावशी, कुठं नेताय त्यांना?"

"चाऱ्याला. तुम्ही पण चला. मागची कोकरं सांभाळा."

त्यांनी एक कोकरू उचलून खांद्यावर घेतलं.

आम्ही निघालो. पुढं मेंढरं, मागं प्लेटा. त्यांची सावली पडेल तिथं गवत वर येत होतं, गुडघ्याएवढं, आणि मेंढरं ते खात होती. सुंदरा गात होती. डोंगराशी पोचलो तेव्हा सूर्य त्याच्यामागं उतरत होता. मी पुन्हा हाळी घातली.

सूर्य थांबला. त्यानं मान वळवली.