पारखीनं नाकारलेलं बिस्कीट

त्या रविवारी सकाळी आमच्या वसाहतीतल्या मोकळ्या प्लॉटवर अशी झुंबड उडाली होती, की आठवड्यानं नळाला पाणी आलं असतं तरी कुणी घरी गेलं नसतं. मधोमध मंडप, मंडपात लाकडी चौरंग, चौरंगावर खडावा घालून बसलेले श्वानानंद महाराज आणि त्यांच्या शेजारी कपाळाला शेंदूर फासलेला एक पिवळट गावठी कुत्रा. कुत्र्याचं नाव पारखी.

रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात ताट होतं. ताट पारखीपुढं ठेवायचं. त्यानं खाल्लं तर त्या घरची कमाई शुद्ध, तोंड फिरवलं तर घरात पाप शिरलंय असं समजायचं.

पहिल्या ताटात मटणाची नळी आली. पारखीनं ती पाहिली आणि मान वळवली. गर्दीत "आई गं!" झालं. कुत्र्यानं नळी सोडली, याहून मोठा चमत्कार तो काय! दुसऱ्या ताटात साखर घातलेली दूधपोळी होती. तीही नाकारली गेली. तिसरं ताट सुदर्शनरावांचं. हे प्लॉटची दलाली करतात. त्यांनी विकलेल्या एकाच प्लॉटचे दोन मालक सध्या कोर्टात भांडताहेत. त्यांच्या ताटात शिळी भाकरी होती. पारखीनं ती मिटक्या मारत संपवली आणि सुदर्शनरावांची कमाई शुद्ध ठरली. मंडपही त्यांचाच होता, हे जाता जाता सांगून ठेवतो.

"देखा?" महाराज गरजले. "मागच्या जन्मी हा सराफ्यात बसत व्हता. सोनं पारखायचा. या जन्मी पाप पारखतो. नाक वोही है, फक्त दुकान बदललं!"

"अन् पाप निघालं तर काय करावं, महाराज?" एका बाईनं रडवेल्या आवाजात विचारलं.

"घबराओ मत, माय. माणसाचं पाप पहिल्यांदा दारातल्या मुक्या जनावरावर चढतं. त्याला रोज एक सिद्धवडी चार. घरी कुत्रं नसंल तर गल्लीतल्याला चार. ते खाईल, पाप जाईल."

सिद्धवड्यांची टोपली चौरंगाला लागूनच होती. देणगीची थाळी टोपलीला लागून.

मी राजेंद्र. गंगापूरच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं आणि निवृत्त होऊन इथं आलो. चमत्कार दिसला की मला अंगावर खाज सुटते. माझी थोरली बहीण चतुराबाई, म्हणजे आमची अक्का, हिला तीच खाज भक्तीची आहे. ती आपल्या बंड्या नावाच्या गलेलठ्ठ कुत्र्याला घेऊन पहिल्या ओळीत बसली होती.

"अक्का, चल घरी," मी म्हणालो.

"तू जा. तुझं अन् देवाचं कधी जमलं नाय, त्याला कुत्रं काय करणार?"

तेवढ्यात मेघाचा नंबर आला. मेघा आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर राहते. बी.कॉम. झाली, नोकरीत मन रमेना, म्हणून घरीच कुत्र्यांसाठी बिस्किटं करायला लागली. रताळं, नाचणी, अंडी आणि बिनमिठाची वाळवलेली मासळी, एवढाच माल. वसाहतीतली निम्मी कुत्री तिच्या दारावरून जाताना मालकाला ओढत थांबतात. शेजारणींनी आग्रह केला म्हणून ती ताट घेऊन आली होती.

पारखीनं बिस्कीट पाहिलं. क्षणभर थबकला. मग तोंड फिरवलं.

"इसमें हाय है!" महाराज जवळजवळ उठूनच उभे राहिले. "मुक्या जिवाची हाय! माल सोड बेटी, तुझं घरच साफ नाय!"

मेघा ताट उचलून निघून गेली. सुदर्शनराव शेजारच्याला म्हणाले, "आम्हाला वाटलंच होतं."

त्या आठवड्यात तिच्या बिस्किटांची मागणी पार थांबली. त्यावर कुणी भांडण केलं नाही की कुणी खुलासा मागितला नाही. "सध्या नको" एवढंच लोक म्हणत. पण एकदा दुधाच्या डेअरीवर एका बाईला म्हणताना मी माझ्या कानांनी ऐकलं, "तिच्या हातचं नको बाई." हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मेघाच्या बैठकीत बुद्धाची मूर्ती आहे, हे सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं. आता बोलायला कुत्रा सापडला होता. कुणाच्या हातचं चालतं आणि कुणाच्या हातचं चालत नाही, हा जुना घाणेरडा हिशेब आमच्या गल्लीत पारखीच्या नाकावरून परत आला, याचा मला संताप आला आणि लाजही वाटली.

अक्काच्या डब्यातली एक सिद्धवडी उचलून मी तडक मेघाकडं गेलो.

"यात सुकटीची पूड असणार," मी शास्त्रज्ञाच्या थाटात सांगितलं. "त्या वासाची सवय लावलीय त्याला. म्हणून बाकी काही खात नाही."

मेघानं वडी हुंगली. "गूळ अन् डालडा. सुकटीचा वासबी नाय, सर. अन् तुमच्या सुदर्शनरावांच्या भाकरीला कुठं होती सुकट?"

माझं शास्त्र तिथंच आडवं झालं. मेघानं वडी मोडली आणि तिचा चेहराच बदलला.

"सर, यात बेदाणे हायेत."

"मग? प्रसादात असतातच."

"माणसाच्या प्रसादात. कुत्र्याला द्राक्षं नाय चालत, बेदाणे तर मुळीच नाय. मूत्रपिंडं जातात. एखादं जास्त खाऊन बचावतं, एखादं थोडं खाऊनबी जातं. कोणतं, ते आधी सांगता येत नाय. अन् ही लोकं रोज चारायलीत!"

मी जनावरांच्या डॉक्टर सोनियांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अगदी खरंय. कुणी खाल्लं असेल तर उलटीची वाट बघत बसू नका, लगेच घेऊन या."

मी धापा टाकत घरी आलो. "अक्का, बंड्याला वड्या किती दिल्यास?"

अक्का पदराशी चाळा करायला लागली. "बंड्याला कुठं? एकबी नाय."

"मग डबा अर्धा कसा झाला?"

"गुळाची हाय रे. लई ग्वाड लागती. कुत्र्याला काय कळतंय त्यातलं?"

बंड्या असा वाचला. बाकीच्यांसाठी मी वसाहतीच्या ग्रुपवर सविस्तर मजकूर टाकला. उत्तरादाखल ओळीनं जोडलेले हात आले आणि सुदर्शनरावांनी लिहिलं, 'सर, श्रद्धेत विज्ञान आणू नका.' मेघानं लिहिलं, त्यावर तर कुणी हातही जोडले नाहीत. पापी घरातून आलेला सल्ला कोण ऐकणार?

"म्हणजे आधी त्याची पारख मोडावी लागणार," मेघा म्हणाली. "सर, त्या दिवशी तुम्ही वड्यांच्या टोपलीकडं बघत व्हता. लोकं कुत्र्याच्या नाकाकडं. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. माझ्या बिस्किटासमोर त्याची लाळ टपटप गळत व्हती. नकोय, तर लाळ कशाला गळंल? अन् त्याचा कान सारखा महाराजांच्या पायाकडं."

"पायाकडं काय आहे?"

"खडावा. भाकरीच्या वेळी एक वाजली व्हती. टक् करून. माझ्या वेळी नाय वाजली."

मेघाचा स्वतःचा कुत्रा ती "हां" म्हणेपर्यंत ताटाला तोंड लावत नाही, हे मी कितीदा पाहिलं होतं आणि तरी सुकटीच्या मागं धावलो होतो.

पुढच्या रविवारी मेघा पुन्हा रांगेत उभी राहिली. कुजबुज झाली. महाराज हसले. "फिर आयी? ठेव बेटी, ठेव."

तिनं ताटावरचा रुमाल काढला. आत काहीतरी कुस्करून ठेवलेलं होतं. पारखीनं पाहिलं, लाळ गाळली आणि तोंड फिरवलं.

"देखा! तेच पाप!"

मी पुढं झालो. "नक्की ना, महाराज? एकदा नीट बघून सांगा. ज्यानं हे केलं त्याचं घर पापीच?"

"पारखी कधी चुकत नाय, मास्तर. ज्यानं हे रांधलं त्याचं सात पिढ्यांचं पाप हाये यात!"

"महाराज," मेघा शांतपणे म्हणाली, "ही तुमचीच वडी हाये. फक्त बेदाणे काढलेत."

"व्हय," अक्का उठून उभी राहिली. "म्याच आणली काल ह्यांच्या टोपलीतून. माझ्या डोळ्यांदेखत कुस्करली तिनं."

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मंडपभर हसू पसरलं. पण महाराज मुरलेला माणूस. "हाथ!" ते ओरडले. "वडी शुद्ध व्हती, हिचा हात लागला अन् बाटली!"

हसू थांबलं. दोघांतिघांनी माना डोलावल्यासुद्धा. मेघानं वडी उचलून बाजूला केली, ताट पुसलं आणि स्वतःचं बिस्कीट ठेवलं.

"आता हे माझ्या हातचं, माझ्या घरचं. सर, वाजवा."

मी पिशवीतून अक्काचं पोळपाट-लाटणं काढलं आणि लाटणं पोळपाटावर आपटलं. टक्.

पारखी असा झेपावला की ताटच उलटं झालं. बिस्कीट गडप. मेघानं दुसरं ठेवलं. पारखी थांबला. टक्. तेही गडप. मग अक्कानं माझ्या हातातून लाटणं ओढून घेतलं, "सरक, म्या वाजवती," आणि ती वाजवत राहिली. मटणाच्या नळीवाल्यांनी नळी पुढं केली, तेव्हा मेघानंच त्यांना अडवलं. शिजवलेलं हाड फुटून घशात रुततं म्हणाली. पण मुलांनी आणलेली पोळी, गाजर, सगळं पारखीनं लाटण्याच्या हुकमावर फस्त केलं. वसाहतीतली सगळी घरं बघता बघता पुण्यवान झाली.

सुदर्शनराव तेवढे चिडले. शुद्ध कमाईचा त्यांचा मान गेला होता ना! "बिनडोक कुत्रं निघालं," ते म्हणाले.

"बिनडोक?" महाराजांना ते सहन झालं नाही. "दोन साल मेहनत केली मी त्याच्यावर! नळी समोर ठिवली तरी जागचं हलत नाय, असं दुसरं कुत्रं दाखवा अख्ख्या जिल्ह्यात!"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. मला खरं तर त्यांची दाद द्यावीशी वाटली. एका मास्तरला दुसऱ्या मास्तरचं काम कळतं. इतकं सुंदर शिकवता येणाऱ्या माणसानं लोकांना घाबरवून खावं, याचंच वाईट वाटलं.

मेघा मात्र दाद द्यायच्या मनःस्थितीत नव्हती. तिनं विचारलं, "महाराज, पारखीला घरी काय चारता?"

महाराज पायातली खडावा सारखी करायला लागले.

"सिद्धवडी चारता?"

"त्याला... नाय."

"मग काय?"

महाराजांनी पारखीच्या पाठीवर हात ठेवला. तो हात मात्र खोटा नव्हता. "भाकर," ते हळू आवाजात म्हणाले. "उकडलेलं अंडं. कधी रताळं. बाहेरचं ग्वाड मी त्याला खाऊ देत नाय. पोट बिघडतं त्याचं."

मेघाच्या बिस्किटात जे होतं, तेच महाराज आपल्या लाडक्या कुत्र्याला चारत होते. आणि टोपलीतलं होतं ते फक्त आम्हा लोकांच्या कुत्र्यांसाठी. रडवेल्या आवाजात उपाय विचारणारी ती बाई उठली, हातातल्या वड्या तिनं चौरंगावर ठेवल्या आणि आपलं पिल्लू छातीशी धरून डॉक्टर सोनियांच्या दवाखान्याकडं पळाली. मागोमाग आणखी काही जण गेले. सगळी कुत्री बचावली, हे नशीब. त्याचं श्रेय कुणी घेऊ नये.

दुसऱ्या दिवशी डेअरीवरच्या त्याच बाई मेघाच्या दारात बिस्किटं मागायला आल्या. मी मुद्दाम तिथं रेंगाळलो होतो. मला वाटलं, आता मेघा चार शब्द सुनावणार. पण तिनं ना सुनावलं, ना पुडा लगेच दिला. म्हणाली, "काकू, आधी विचारा तरी, यात काय हाये. अंडी दौलताबादच्या साळूबाईंची. त्यांच्या कोंबड्या मोकळ्या फिरतात, जाऊन बघून या. मासळी पैठणहून येते, नेहमीच्या घरून, मीठ न लावता. साखर नाय, कांदा-लसूण नाय. अन् एकदम जास्त चारू नका, हा खाऊ हाये, जेवण नाय. आता सांगा, माझ्या हातचं चालंल?"

काकूंनी मान खाली घातली आणि हात पुढं केला.

मित्रांनो, कुत्रं आपल्या हातातलं खातं ते आपल्यावर भरवसा ठेवून. हे कशाचं आहे, कुठून आलं, कोणत्या जिवाला छळून केलंय, हे त्याला विचारता येत नाही. आपल्याला येतं. म्हणून पुडा फोडण्याआधी विचारा, डॉक्टरांना विचारा, आणि विकणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारा: हे तू स्वतःच्या कुत्र्याला चारतोस का? आणि हा प्रश्न कुत्र्यांच्या खाऊपुरता ठेवू नका. कुणी अंगारा दिला, गंडा दिला, गोळी दिली, तर त्यालाही खुशाल विचारा, की बाबा, हे तू स्वतःच्या लेकराला देतोस का? आणि उत्तर येईपर्यंत हात पुढं करू नका.